महूला सोयाबीन जास्तीत जास्त कितीला गेलं? शीटला अट घालून सगळ्यात मोठा आकडा कसा काढायचा

मी इंदूरला राहते, रामबागेत, आणि मामाच्या आडतीचं हिशोबाचं काम बघते. दुकान छावणीत आहे. मामा दिवसातून चारदा फोन करतो आणि त्यातले तीन फोन एकाच धर्तीचे असतात, "अगं, दिवाळीच्या आधी महूला सोयाबीन जास्तीत जास्त कितीला गेलं होतं गं?" किंवा "लक्ष्मीबाईनगरला गहू वरचा भाव काय?" पलीकडे शेतकरी बसलेला असतो, त्याला आत्ता उत्तर हवं असतं, आणि माझ्यासमोर शीटमध्ये हजारभर ओळी. आता हे काम मी नवीन आलेल्या दोन मुलांना शिकवून राहिलेय तर म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, म्हणजे तुम्ही आडतीत नसाल, शाळेत मार्कांचं शीट बघत असाल किंवा सोसायटीच्या लाइट बिलांचं, तरी कामाला येईल. प्रश्न तोच आहे, अमुक अट पूर्ण करणाऱ्या ओळींमधला सगळ्यात मोठा आकडा कोणता.

आधी मी काय करायचे ते सांगते कारण बहुतेक सगळे तेच करतात. भावाचा कॉलम धरायचा, मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट करायचा, आणि डोळ्याने वरून खाली बघत महू आणि सोयाबीन एकत्र कुठे दिसतं ते शोधायचं. एकदा घाईत मी फक्त भावाचाच कॉलम सिलेक्ट केला होता, एक्सेलने विचारलं की बाजूचे कॉलम पण सोबत घेऊ का, आणि मी न वाचता दुसरा पर्याय दाबला. भाव सगळे हलले आणि तारीख, मंडी, माल जागच्या जागी राहिले. म्हणजे एकाचा भाव दुसऱ्याच्या नावावर. मी त्यातूनच आकडा वाचून मामाला सांगितला, मामाने पुढे सांगितला, आणि एका शेतकऱ्याने त्या आकड्यावर विसंबून माल आठ दिवस घरी ठेवला. तो भाव महूचा नव्हताच. ते मला अजून टोचतं, आणि तेव्हापासून भाव शोधायला मी सॉर्ट करत नाही. फॉर्म्युला मूळ ओळींना हात लावत नाही, नुसता बघतो आणि सांगतो, माझ्यासाठी हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

आधी सरावाचं शीट बनवा

वाचून हे डोक्यात बसत नाही, करून बसतं. एक कोरं शीट उघडा, एक्सेल किंवा गूगल शीट्स, काहीही चालेल. पहिल्या ओळीत हेडिंग टाका: ए मध्ये तारीख, बी मध्ये मंडी, सी मध्ये माल, डी मध्ये क्विंटल, ई मध्ये भाव, एफ मध्ये शेरा. मग खालच्या दहा ओळी, ओळ २ पासून ११ पर्यंत. भाव क्विंटलचे आहेत आणि आकडे सरावासाठी मी मनाने घेतलेत, ते मंडीचे खरे भाव समजू नका.

०३/१०/२०२५, छावणी, सोयाबीन, १८, ४१५०
०३/१०/२०२५, महू, सोयाबीन, १२, ४२२०
०६/१०/२०२५, छावणी, गहू, २५, २६१०
०९/१०/२०२५, लक्ष्मीबाईनगर, सोयाबीन, ३०, ४३१०
१४/१०/२०२५, महू, सोयाबीन, ९, ४२८५
१४/१०/२०२५, छावणी, गहू, २०, २६४५
१७/१०/२०२५, छावणी, सोयाबीन, २२, ४३७५
२४/१०/२०२५, छावणी, सोयाबीन, २, ५१०१, मुहूर्त
२९/१०/२०२५, महू, सोयाबीन, १५, ४३४०
०४/११/२०२५, लक्ष्मीबाईनगर, सोयाबीन, २७, ४४३०

आकडे इंग्रजी कीबोर्डानेच टाका. मी इथे सगळं देवनागरीत लिहितेय, फॉर्म्युले सुद्धा, जसे फोनवर बोलून सांगते तसे, पण शीटमध्ये टाइप करताना फंक्शनचं नाव, कॉलमचं अक्षर आणि आकडे इंग्रजीत टाकायचे. फक्त कोटमधला मजकूर, म्हणजे "महू", "सोयाबीन" वगैरे, तो तुमच्या शीटमध्ये जसा लिहिलाय अगदी तसाच.

पहिला फॉर्म्युला

फंक्शनचं नाव मॅक्सइफ्स, स्पेलिंग एम-ए-एक्स-आय-एफ-एस. लिहायच्या आधी प्रश्न मराठीत पूर्ण बोलून बघा: "भावांमधला सगळ्यात मोठा सांग, जिथे माल सोयाबीन आहे." आता त्याच क्रमाने लिहा.

=मॅक्सइफ्स(ई२:ई११,सी२:सी११,"सोयाबीन")

पहिला तुकडा म्हणजे मोठा आकडा कुठून काढायचा, ई कॉलम. दुसरा, अट कुठे तपासायची, सी कॉलम. तिसरा, अट काय. एंटर दाबा, ५१०१ येईल. बरोबर आहे का? हो, आणि नाही पण, त्याच्यावर पुढे येते कारण या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे.

सवय समइफ ची असेल तर इथे एक जागा चुकते. समइफ मध्ये बेरीज कशाची करायची ते शेवटी येतं, मॅक्सइफ्स मध्ये मोठा आकडा कशातून काढायचा ते सगळ्यात आधी येतं. नवीन मुलं इथेच अडकतात, उलटं लिहितात नि उत्तर येत नाही.

दुसरी अट जोडायची तर पुढे अजून एक जोडी लावायची, कॉलम आणि अट:

=मॅक्सइफ्स(ई२:ई११,सी२:सी११,"सोयाबीन",बी२:बी११,"महू")

उत्तर ४३४०. अशा १२६ जोड्या लावता येतात पण मला आजवर पाचाच्या वर लागल्या नाहीत. सगळ्या अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात, म्हणजे मधला शब्द "आणि" आहे, "किंवा" नाही. आणि सगळ्या रेंज सारख्याच लांबीच्या हव्यात, एक २ ते ११ आणि दुसरी २ ते १० झाली की व्हॅल्यूचा एरर येतो.

तारीख आणि आकड्यांच्या अटी

मामाचा प्रश्न "दिवाळीच्या आधी" असा होता. २०२५ ची दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास, तर अट झाली २० तारखेच्या आधी. इथे कोटचं जरा बघून लिहावं लागतं. लहान-मोठ्याचं चिन्ह कोटमध्ये जातं, आणि तारीख किंवा सेल कोटच्या बाहेर, मध्ये जोडायला अँडचं चिन्ह:

=मॅक्सइफ्स(ई२:ई११,सी२:सी११,"सोयाबीन",बी२:बी११,"महू",ए२:ए११,"<"&डेट(२०२५,१०,२०))

येतं ४२८५. कोणी "<एच१" असं सगळंच कोटमध्ये लिहितं, मग शीटला वाटतं की एच आणि १ ही अक्षरंच शोधायचीत, सेलमध्ये काय आहे ते ते बघतच नाही, आणि उत्तर शून्य. "<"&एच१ असं लिहायचं, हे दहा वेळा हाताने लिहून घटवून टाका.

पूर्ण महिना हवा तर तारखेचा कॉलम दोनदा द्यायचा, एकदा ">="&डेट(२०२५,१०,१) आणि एकदा "<"&डेट(२०२५,११,१). मी शेवटची तारीख ३१ अशी कधी लिहीत नाही, पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आधी असंच लिहिते, म्हणजे महिना तीसचा का एकतीसचा हे आठवावं लागत नाही आणि तारखेला वेळ चिकटलेली असली तरी शेवटचा दिवस सुटत नाही.

क्विंटलची अट पण अशीच. मामा कधी म्हणतो छोटे लॉट सोड, दहा क्विंटलपासून वरचेच सांग, तर डी२:डी११ आणि ">=१०" अशी जोडी वाढवायची. दिवाळीच्या आधीच्या महूच्या प्रश्नात ही अट लावून बघा, उत्तर ४२८५ वरून ४२२० होईल, कारण ४२८५ वाला लॉट नऊच क्विंटलचा होता. एका अटीने उत्तर किती हलतं हे एकदा असं स्वतःच्या डोळ्याने बघितलं की प्रश्न नीट विचारायची सवय लागते.

अटी फॉर्म्युल्यात कोंबू नका. एच१ मध्ये माल, एच२ मध्ये मंडी, एच३ मध्ये तारीख लिहा आणि फॉर्म्युल्यात ते सेल द्या:

=मॅक्सइफ्स($ई$२:$ई$११,$सी$२:$सी$११,एच१,$बी$२:$बी$११,एच२,$ए$२:$ए$११,"<"&एच३)

हे मी एच४ मध्ये ठेवलंय. आता मामाचा फोन आला की फक्त एच२ मध्ये मंडी बदलायची, बोलता बोलता उत्तर येतं. डॉलरची चिन्हं लावली की फॉर्म्युला दुसरीकडे कॉपी केला तरी रेंज सरकत नाही. व्हॉट्सॲपवरून कोणी पाठवलेला फॉर्म्युला चिकटवलात आणि चालला नाही तर कोट बघा, तिरके नक्षीवाले कोट आले असतील तर खोडून कीबोर्डाने सरळ टाका.

शून्य आलं म्हणजे काय

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल आहे. आपल्या शीटमध्ये हमीभावाला किंवा त्याच्या वर गेलेल्यांतला सगळ्यात वरचा भाव विचारा, म्हणजे ई२:ई११ वरच ">=५३२८" अशी अट. उत्तर ०. याचा अर्थ भाव शून्य होता असा नाही, असा सौदा एकही नव्हता असा आहे. मॅक्सइफ्सला काहीच सापडलं नाही की ते एरर देत नाही, गुपचूप ० देतं, आणि तेच ० पुढे कुठल्या रिपोर्टात गेलं की वाचणाऱ्याला वाटतं भाव खरंच शून्य. त्याच्यासाठी आधी मोजून घ्या:

=इफ(काउंटइफ्स(सी२:सी११,"सोयाबीन",ई२:ई११,">=५३२८")=०,"नोंद नाही",मॅक्सइफ्स(ई२:ई११,सी२:सी११,"सोयाबीन",ई२:ई११,">=५३२८"))

लांब दिसतं पण अटी दोन्हीकडे त्याच आहेत, कॉपीच करायच्या. दुसऱ्याला पाठवायच्या शीटमध्ये मी हे केल्याशिवाय राहत नाही.

आता ५१०१ चं

सोयाबीनचा वरचा भाव ५१०१ आला होता. तो मुहूर्ताचा सौदा आहे. ज्यांना मंडी माहीत नाही त्यांच्यासाठी, दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर मंडी उघडते तेव्हा पहिल्या गाडीची पूजा होते आणि शकुन म्हणून तिची बोली चढवून लावतात. तो भाव मानाचा असतो, बाजाराचा नसतो. दुसऱ्या गाडीपासून भाव पुन्हा जागेवर. शेतकऱ्याला "सोयाबीन ५१०१ ला गेलं" असं सांगणं हे खोटं नाही, पण त्याने त्या आशेवर गाडी भरून आणली तर ते खोट्यासारखंच झालं.

म्हणून शेऱ्याचा कॉलम. एक जोडी वाढवा:

=मॅक्सइफ्स(ई२:ई११,सी२:सी११,"सोयाबीन",एफ२:एफ११,"<>मुहूर्त")

दोन्ही टोकदार चिन्हं लागून म्हणजे "हे सोडून". उत्तर ४४३०, आणि फक्त ऑक्टोबर घेतलात तर ४३७५. ज्या ओळीत शेरा रिकामा आहे त्या यात धरल्या जातात, त्यांची काळजी नको.

सरासरी काढताना दोनशे ओळींत एखादी ओळ विचित्र असली तर सरासरी थोडीशी हलते आणि निभावून जातं. मोठ्यातला मोठा आकडा मात्र असतोच एका ओळीचा. ती एक ओळ मुहूर्ताची निघाली, किंवा कोणी ४३५० ऐवजी ४३५०० टाइप केलं, की पूर्ण उत्तर गेलं, बाकीच्या एकशे नव्व्याण्णव ओळी कितीही नीट भरलेल्या असोत. त्यामुळे मी वरचा भाव काढला की लगेच दुसऱ्या नंबरचा पण काढते:

=लार्ज(फिल्टर(ई२:ई११,सी२:सी११="सोयाबीन"),२)

शेवटचा २ म्हणजे दुसरा. इथे ४४३० येतं. पहिला ५१०१ आणि दुसरा ४४३०, एवढी फट दिसली की ती ओळ उघडून बघायचीच. मंडीत एका पंधरवड्यात सारख्या मालाचे वरचे दोन भाव साधारण जवळजवळ असतात, पाच-पन्नासचा फरक, सहाशे-सातशेचा नाही. तुमच्या कामात केवढी फट चालते ते तुम्हालाच ठाऊक असणार. (फिल्टर फंक्शन गूगल शीट्समध्ये आहे आणि एक्सेलच्या २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत, सबस्क्रिप्शनवाल्यात पण.)

शीट नीट नसेल तर फॉर्म्युला काय करणार

आमच्या शीटमध्ये दोन जण नोंदी करतात, मी मराठीत टाकते आणि मुनीमजी हिंदीत. मी लिहिते छावणी, ते लिहितात छावनी. मी गहू, ते गेहूं. आपल्याला ते एकच, शीटला त्या दोन वेगळ्या मंड्या आणि दोन वेगळे माल. इंदूरच्या मराठी घरात आणि दुकानात दोन्ही भाषा दिवसभर सोबत चालतात त्यामुळे हे होणारच, कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. तात्पुरता उपाय म्हणून अट "छाव*" अशी लिहा, तारा म्हणजे पुढे काहीही चालेल, दोन्ही धरले जातात. पण कायमचा उपाय ड्रॉपडाउन, डेटा मेनूतल्या डेटा व्हॅलिडेशन मध्ये जाऊन मंड्यांची आणि मालाची यादी द्यायची, मग टाइप करायचा प्रश्नच नाही, निवडायचं. आमच्याकडे हे केल्यापासून मुनीमजी पण खूष आहेत, त्यांचा टाइप करायचा वेळ वाचला.

शेवटी राहिलेली मोकळी जागा हा अजून एक त्रास. "महू" आणि "महू " यात डोळ्याला काही फरक दिसत नाही, शीटला दिसतो. बाजूच्या कॉलममध्ये =ट्रिम(बी२) लिहून खाली ओढा आणि ते व्हॅल्यू म्हणून परत बी मध्ये चिकटवा.

भावाच्या कॉलममधली गडबड याच्यापेक्षा वाईट. कोणी ४३४०/- लिहितं, कोणी ४३४० रु. लिहितं, कोणी मेसेजमधून चिकटवतं. शीटसाठी हा आकडा नाही, मजकूर आहे, आणि मॅक्सइफ्स मजकूर न सांगता सोडून देतं. ओळ १० मधला ४३४० पुसून तिथे ४३४०/- टाका आणि महूचा भाव परत बघा, ४२८५ झालेला दिसेल. एरर नाही, लाल रंग नाही, शून्य नाही, अगदी खरा वाटणारा पण चुकीचा आकडा. म्हणून दोन गोष्टी बघा. आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे, त्यामुळे कॉलम वरून खाली बघत जा आणि कोणता भाव डावीकडे सरकलाय ते हेरा (कोणी कॉलम मध्ये किंवा उजवीकडे अलाइन करून ठेवला असेल तर आधी ते काढा, नाहीतर दिसणार नाही). आणि एका कोपऱ्यात =काउंट(ई२:ई११) आणि त्याच्या खाली =काउंटए(ई२:ई११) लिहून ठेवा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेले सगळे सेल. दोन्ही १० असले की ठीक. ९ आणि १० आलं की एक भाव मजकूर झालाय, शोधा.

तारखांचं पण असंच आहे. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असली तर ०३/१०/२०२५ ला ते १० मार्च समजतं. गंमत अशी की १२ तारखेपर्यंत सगळं ठीकच दिसतं, कारण बारा महिने आहेत, आणि १३ पासून तेरावा महिना नसल्याने तारखा मजकूर होऊन डावीकडे सरकतात. कॉलममध्ये अर्ध्या तारखा उजवीकडे नि अर्ध्या डावीकडे दिसल्या की समजायचं हेच झालंय, आणि मग उजवीकडच्यांवर पण भरोसा ठेवायचा नाही, त्या तर चुकीच्या महिन्यात बसल्यात. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये भारत निवडा, गूगल शीट्समध्ये फाइलच्या सेटिंगमध्ये लोकॅल भारत करा, आणि मग तारखा परत टाका.

जुनं एक्सेल असेल तर

मॅक्सइफ्स एक्सेल २०१९ पासून आहे, सबस्क्रिप्शनवाल्यात २०१६ पासून, लिबरऑफिसमध्ये पण आहे आवृत्ती ५.२ पासून. दुकानांमध्ये मात्र २००७, २०१० अजून आरामात चालून राहिलेत. तिथे मॅक्सइफ्स लिहिलं की नेमचा एरर येतो, म्हणजे हे नाव मला माहीत नाही. मग दोन फंक्शनं एकात एक घालायची:

=मॅक्स(इफ(सी२:सी११="सोयाबीन",इफ(बी२:बी११="महू",ई२:ई११)))

आणि नुसतं एंटर नाही, कंट्रोल आणि शिफ्ट दाबून एंटर. फॉर्म्युल्याला दोन्हीकडून महिरपी कंस आपोआप लागतात, ते हाताने टाकायचे नाहीत. हे आतून कसं चालतं ते एकदा बघून घ्या. इफ एकेक ओळ घेतं. ओळ २, सोयाबीन आहे पण छावणी, तर फॉल्स. ओळ ३, सोयाबीन आणि महू, तर ४२२०. ओळ ४ गहू, फॉल्स. असं करत करत दहा उत्तरांची एक माळ तयार होते, फॉल्स, ४२२०, फॉल्स, फॉल्स, ४२८५, फॉल्स, फॉल्स, फॉल्स, ४३४०, फॉल्स. मॅक्स फॉल्स बघतच नाही, उरलेल्या तिनातला मोठा देतं. फॉर्म्युला बारमध्ये आतला इफचा भाग सिलेक्ट करून एफ९ दाबलंत तर ही माळ खरंच समोर दिसते, बघून झाली की एस्केप दाबायचं, एंटर नाही. मला हे फंक्शन समजलं ते त्या दिवशी, माळ डोळ्याने बघितली तेव्हा.

दोन इफ एकात एक का, अँड फंक्शन का नाही, असं आमच्याकडच्या मुलाने विचारलं आणि प्रश्न चांगला होता. अँड दहाही ओळी एकत्र करून एकच उत्तर देतं, ट्रू किंवा फॉल्स, ओळीगणिक देत नाही. म्हणून इथे ते चालत नाही.

कंट्रोल-शिफ्ट विसरायची भीती असेल तर २०१० पासूनच्या एक्सेलमध्ये ॲग्रिगेट आहे:

=ॲग्रिगेट(१४,६,ई२:ई११/((सी२:सी११="सोयाबीन")*(बी२:बी११="महू")),१)

१४ म्हणजे मोठ्या आकड्यांचा क्रम लाव, ६ म्हणजे एरर सोडून दे, शेवटचा १ म्हणजे पहिला नंबर. अट जुळली तर भाव भागिले एक, जुळली नाही तर भागिले शून्य, तो एरर, आणि एरर सोडून द्यायला आपण सांगितलंच आहे. शेवटी १ च्या जागी २ लिहा, दुसऱ्या नंबरचा भाव, म्हणजे ती पडताळणी इथे पण होते. नेटवर समप्रॉडक्ट वापरून एक प्रकार दिसतो, तो भावांना चालतो पण नफा-तोट्यासारखे वजा आकडे असले तर न जुळलेल्या ओळींचं शून्य मोठं ठरतं आणि उत्तर ० येतं, म्हणून मी तो शिकवत नाही.

"किंवा" असेल तर, आणि तो सौदा कोणत्या दिवशीचा

महू किंवा लक्ष्मीबाईनगर, दोन्हीतला वरचा: दोन मॅक्सइफ्स लिहा आणि बाहेर मॅक्स लावा. मॅक्स(मॅक्सइफ्स(...),मॅक्सइफ्स(...)), झालं.

मामाचा पुढचा प्रश्न नेहमी "कोणत्या तारखेला?" नुसता भाव शोधून तारीख काढू नका, कारण तोच आकडा दुसऱ्या मंडीत किंवा दुसऱ्या दिवशी पण असू शकतो. अटी परत द्यायच्या. फिल्टर असेल तर सगळ्यात सोपं:

=फिल्टर(ए२:एफ११,(सी२:सी११=एच१)*(बी२:बी११=एच२)*(ए२:ए११<एच३)*(ई२:ई११=एच४))

पूर्ण ओळ समोर येते, तारीख, क्विंटल, शेरा सगळं, आणि दोनदा तोच भाव लागला असेल तर दोन्ही ओळी. मुहूर्त होता का, लॉट केवढा होता, ते फोनवर तिथल्या तिथे सांगता येतं. फिल्टर नसलेल्या एक्सेलमध्ये इंडेक्स आणि मॅच:

=इंडेक्स(ए२:ए११,मॅच(१,(सी२:सी११=एच१)*(बी२:बी११=एच२)*(ए२:ए११<एच३)*(ई२:ई११=एच४),०))

हे पण कंट्रोल-शिफ्ट-एंटरने, आणि हे फक्त पहिली जुळलेली ओळ देतं. सेलचं फॉरमॅट तारखेचं करा, नाहीतर ४५९४४ असा आकडा दिसेल, घाबरू नका, एक्सेल तारखा दिवस मोजून ठेवतं आणि तो १४ ऑक्टोबर २०२५ आहे.

सगळ्या मंड्यांचा आणि सगळ्या मालांचा वरचा भाव एकदम हवा असेल तर पिव्हट टेबल करा, भावाला सम ऐवजी मॅक्स निवडा, एक मिनिटाचं काम आहे. फक्त एक्सेलमध्ये नवीन नोंदी आल्यावर रिफ्रेश करावं लागतं.

एक काम राहिलं. आपण २ ते ११ लिहिलंय आणि बारावी ओळ उद्या येणार, ती फॉर्म्युल्यात धरली जाणार नाही. एक्सेलमध्ये डेटात कुठेही क्लिक करून कंट्रोल-टी दाबा, टेबल बनतं, आणि पूर्ण कॉलम धरून असलेले फॉर्म्युले खाली नवीन ओळ टाकली की स्वतः वाढतात. गूगल शीट्समध्ये मी सरळ ई२:ई असं लिहिते, शेवटचा आकडा न देता, म्हणजे खालपर्यंत सगळं, बाकीचे कॉलम पण त्याच पद्धतीने. हे केलंत की ओळ १२ मध्ये उद्याचा एक सौदा टाका, महू, सोयाबीन, ४३६०, तारखेची अट असलेल्या एच३ मध्ये त्याच्या पुढची तारीख द्या, आणि एच४ बदलतंय का बघा.